रिमोटअ‍ॅक्सेसवरचा जुना बीबीएस विंडोज ११ वर पुन्हा चालवता येईल का?

रविकिरण_ठाणे

नमस्कार. माझे काका १९९० च्या दशकात ठाण्यात घरच्याच टेलिफोन लाइनवर रात्रीच्या वेळी एक लहानसा बीबीएस (मोडेमने फोन लावून वापरायचा संदेश-फलक) चालवत असत. त्यांनी जपून ठेवलेल्या हार्डडिस्कवरून मी त्याचा संपूर्ण फोल्डर उतरवून घेतला आहे. त्यात रिमोटअ‍ॅक्सेस हा बोर्ड चालवणारा प्रोग्राम, त्याच्या पुढे बसणारा फ्रंटडोअर हा मेलर (फोन घेऊन इतर बोर्डांशी मेलची देवाणघेवाण करणारा प्रोग्राम), संदेशांच्या सर्व फायली आणि लेजंड ऑफ द रेड ड्रॅगनसह काही डोअर गेम्स (बोर्डातून उघडणारे खेळ) आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली आणि त्यानंतर काही वर्षांतच हा बोर्ड शांत झाला. त्या काळात आपल्याकडच्या संगणकप्रेमींनी एकमेकांना काय लिहिले, हे आज फारसे कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा ठेवा नुसता पडून राहू नये असे मला मनापासून वाटते.

अडचणी अशा आहेत. विंडोज ११ वर रिमोटअ‍ॅक्सेस सुरूच होत नाही. काही डोअर गेम्स डॉसबॉक्स या इम्युलेटरमध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात, तर काही ‘रनटाइम एरर २००’ असे दाखवून बंद पडतात. काही संदेशांत मजकुराच्या जागी उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते, त्या फायली खराब झाल्या आहेत का? शिवाय काकांच्या जुन्या सभासदांना घरबसल्या लॉगिन करता यावे, अशी व्यवस्था घरच्या ब्रॉडबँडवर होऊ शकेल का?

नीलेश_डॉस

विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच मिळते आणि ६४ बिट विंडोजमध्ये सोळा बिट डॉस प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नसतो. मायक्रोसॉफ्टने तो उगाच काढलेला नाही: प्रोसेसर ६४ बिटच्या लाँग मोडमध्ये गेला की ज्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर एनटीव्हीडीएम उभा होता, तो मोडच उपलब्ध राहत नाही. म्हणून सेटिंग्ज बदलत बसण्यात अर्थ नाही, इम्युलेटर घ्यावाच लागेल. डॉसबॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्स यांपैकी कोणताही चालेल.

डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पहिल्या सीरियल पोर्टला ‘मोडेम’ असे नेमून त्याला ऐकण्यासाठी एक टीसीपी पोर्ट द्यावा. मग बाहेरून आलेले टेलनेट (नेटवरून मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करण्याची पद्धत) कनेक्शन आतल्या डॉसला खराखुरा फोन आल्यासारखे ‘रिंग’ म्हणून दिसते. रिमोटअ‍ॅक्सेसला सीरियल पोर्टशी बोलण्यासाठी फॉसिल ड्रायव्हर लागतो, तेव्हा एक्स०० या नावाचा किंवा बीएनयू नावाचा ड्रायव्हर आधी चढवावा. एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट आदेशाची खूण मानला जातो, त्यामुळे तो डेटामध्ये आला तर दोनदा पाठवावा लागतो. या मोडेमला टेलनेट पद्धत चालू करण्याचा एटी आदेश वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही तर मजकूर ठीक दिसतो, पण झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फाइल उतरवताना ती मध्येच तुटते.

एरर २०० चे कारण जुन्या फाइलमध्ये नसून आजच्या वेगात आहे. टर्बो पास्कल ७ चे सीआरटी युनिट सुरू होताना घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे लूप किती वेळा फिरते ते मोजते आणि त्या आकड्याला ५५ ने भागते. भागाकार सोळा बिटांत मावावा अशी त्याची अपेक्षा असते. वेगवान प्रोसेसरवर तो मावत नाही, प्रोसेसर भागाकाराची चूक नोंदवतो आणि पास्कल तिला ‘शून्याने भागले’ असे समजून प्रोग्राम थांबवते. डॉसबॉक्समध्ये सायकल्स (इम्युलेटरचा वेग) ‘मॅक्स’वर असतील तर त्या पाच-दहा हजारांवर आणाव्यात, बहुतेक डोअर्स त्याने मार्गी लागतील. उरलेल्यांसाठी ईएक्सई फाइल दुरुस्त करणारे पॅच मिळतात.

सुहास_सर्व्हर

नीलेश यांनी सांगितलेली व्यवस्था घरात बसून जुना बोर्ड अनुभवण्यासाठी उत्तमच आहे, परंतु ती तशीच इंटरनेटवर खुली करावी असे मला वाटत नाही. पोर्ट २३ उघडला की काही मिनिटांतच बॉट्सची रांग लागते. २०१६ मध्ये गाजलेला मिराई हा प्रकार घरगुती कॅमेरे आणि राउटर यांच्या टेलनेटवरूनच पसरला होता आणि त्याची पिलावळ आजही फिरत असते. तुमच्याकडे नोड (एका वेळी एका सभासदाला मिळणारी लाइन) एकच असणार, म्हणजे बॉट आत शिरला की खऱ्या सभासदाला लाइन एंगेज लागणार. दुसरा नोड जोडायचा तर डॉसच्या ‘शेअर’सारखे फाइल लॉकिंग हवे, ते साध्या डॉसबॉक्समध्ये नाही.

घरच्या ब्रॉडबँडची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे अनेक जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग केले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता १०० च्या पुढे ६४ ते १२७ यांपैकी आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात असे समजावे. स्टॅटिक आयपी विकत घेणे किंवा लहानसा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेणे हे दोनच सरळ मार्ग आहेत.

म्हणून माझे मत असे आहे की जुना बोर्ड इम्युलेटरमध्ये जसाच्या तसा जतन करावा आणि लोकांसाठी मात्र व्हीपीएसवर मिस्टिक किंवा सिंक्रोनेट यांपैकी एक बीबीएस प्रोग्राम बसवावा. दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर थेट चालतात, अनेक नोड सांभाळतात आणि त्रासदायक पत्ते स्वतःच अडवतात. पोर्ट २३ ऐवजी २३२३ ठेवावा. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी लागणारे रूटचे अधिकारही मग द्यावे लागत नाहीत. तुमच्यासाठी मिस्टिक अधिक सोयीचे ठरेल, कारण त्याचे संदेश जॅम या साठवणीच्या स्वरूपात असतात आणि रिमोटअ‍ॅक्सेसच्या दोनच्या पुढच्या आवृत्त्याही जॅम वापरत असत. फोल्डरमध्ये जेएचआर, जेडीटी, जेडीएक्स अशी एक्स्टेन्शन्स दिसतात का, ते पाहावे.

आसावरी_लिपी

रेघांच्या जाळीविषयी लिहिते. फायली खराब झालेल्या नसाव्यात, ते संदेश इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संगणकीय सांकेतिक प्रमाणात) लिहिलेले देवनागरी असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटत असे. इस्कीमध्ये खालच्या १२८ जागा इंग्रजीसाठी आणि देवनागरी वरच्या भागात असते, तर डॉसच्या कोडपेज ४३७ मध्ये (डॉसच्या अक्षरांच्या तक्त्यात) त्याच वरच्या जागांवर चौकटी आखण्याची चिन्हे आहेत. इस्कीतला ‘क’ १७९ व्या जागेवर आहे आणि कोडपेज ४३७ मध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. ‘द’ १९६ वर आहे आणि तिथे आडवी रेघ आहे. ‘ज’ म्हणजे दुहेरी उभी रेघ. म्हणून तुमच्या संदेशांत जिथे उभ्या रेघा दाट दिसतात, तिथे कदाचित कुणीतरी ‘काका’ किंवा ‘एकदा’ असे काही लिहिलेले असेल.

समाधानाची बाब अशी की फिडोनेटच्या (बीबीएसना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या) पद्धतीत १४१ हा बाइट ‘सॉफ्ट रिटर्न’ म्हणून वापरला जातो आणि अनेक प्रोग्राम तो गाळून टाकतात, परंतु इस्कीची देवनागरी १६१ च्या पुढे सुरू होत असल्याने तिला त्याचा धक्का लागत नाही. संदेशाचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढून आयसीयूच्या यूकॉन्व्ह या साधनाने इस्कीतून यूटीएफ-८ मध्ये बदलता येतो. मूळ फाइलला मात्र हात लावू नये, रूपांतर नेहमी प्रतीवरच करावे. एका संदेशाच्या चार ओळी आधी करून पाहा आणि इथे टाका. जोडाक्षरे नीट उतरली आहेत का, ते मी तपासून सांगेन.

रविकिरण_ठाणे

सर्वांचे आभार. सायकल्स कमी केल्यावर रेड ड्रॅगन सुरू झाला आणि काका बराच वेळ त्यात रमले होते. वॅन पत्ता खरोखरच १०० ने सुरू होतो, त्यामुळे व्हीपीएसच घेईन. फोल्डरमध्ये काही विभाग जॅममध्ये आहेत, परंतु सर्वांत जुने संदेश एमएसजीटीएक्सटी.बीबीएस नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये दिसतात. ते मिस्टिकमध्ये कसे न्यावेत?

सुहास_सर्व्हर

ते हडसन स्वरूप आहे. त्यात सर्व विभागांचा मजकूर २५६ बाइटांच्या तुकड्यांनी एकाच फाइलमध्ये भरतात आणि ती १६ एमबीच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणूनच १९९३ च्या सुमारास लोक जॅमकडे वळले. गोल्डेड प्लस हा संदेश-संपादक आजच्या विंडोज आणि लिनक्सवर चालतो आणि दोन्ही स्वरूपे वाचतो. त्यात हडसनचे विभाग आणि रिकामे जॅम विभाग दोन्ही नोंदवावेत, संदेशांवर खूण करावी आणि एकातून दुसऱ्यात कॉपी करावेत.

हे करताना एक पथ्य पाळावे, अशी कळकळीची विनंती आहे. या स्वरूपांत ‘खासगी’ म्हणजे संदेशाच्या शीर्षावरची केवळ एक खूण असते, मजकूर कुठेही कुलूपबंद नसतो. ज्यांनी ती पत्रे केवळ एका व्यक्तीसाठी लिहिली, त्यांची परवानगी आज घेता येणे अवघड आहे. त्यामुळे खासगी खूण असलेले संदेश आणि संपूर्ण नेटमेल (व्यक्तिगत पत्रांचा) विभाग व्हीपीएसवर चढवूच नये, ते काकांजवळच्या प्रतीतच राहू द्यावेत.