अनुभव धागा: मशिनेरियम आणि तसल्याच क्लिक-क्लिक गेम (चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायची). भारी काय, गंडलंय काय?

रंकाळाकाठ
मुसळधार पाऊस, लाईट गायब, लॅपटॉपवर मशिनेरियम. त्या गंजक्या शहराची परत आठवण झाली म्हणून धागा काढतोय. चेक मंडळींचा गेम, 2009 चा. पात्रांच्या तोंडी एक शब्द नाही, सगळं डोक्यावरच्या फुग्यातल्या चित्रांत. इंग्रजीचं अडत नाही, हे मोठं काम.
खोट एकच, पण जाम पिडते: आपण ज्याला चालवतो त्या रोबोचा हात पोचतो तिथंच क्लिक लागतं. लांबच्या वस्तूवर कर्सर बदलतच नाही. म्हणून प्रत्येक जागी उभं करून त्याला वर ओढून उंच करा, खाली ओढून बुटका करा, तिन्ही उंचींवर कर्सर फिरवा. मगच पुढं चला. लिहा तुम्ही पण.

जादा_कट
मोबाईलवर ते पण न्हाई भावा. बोटाला कर्सर नसतोय, वस्तू आहे का न्हाई ते टॅप केल्याशिवाय कळत न्हाई. टॅबवर खेळा, पडदा तरी मोठा.

पांढरा_रस्सा
मशिनेरियमच्या बारमधला पाच सलगचा डाव (एका ओळीत पाच जुळवायचे) कुणी जिंकलाय का? पोरगं सकाळपासनं डोकं खायालंय.

रंकाळाकाठ
@पांढरा_रस्सा समोरच्याचे तीन सलग आणि दोन्ही टोकं मोकळी दिसली की तिथंच अडवायचं. चार झाल्यावर एक टोक बंद करून उपयोग नाही, तो दुसऱ्या टोकानं जिंकतो. आपणही दोन दिशांनी तीन-तीन जुळवायचे.

पांढरा_रस्सा
सांगतो त्याला. आधी जेवाय बसवतो.

खासबाग_कट्टा
मदतीची सोय मात्र नाद खुळा. बल्बवर क्लिक केलं की एक इशारा. पूर्ण उत्तर पाहिजे तर कुलूपबंद पुस्तक, आणि ते उघडायला उडती किल्ली घेऊन कोळी मारत जायचं. इतका कंटाळवाणा खेळ मुद्दाम ठेवलाय, म्हणजे माणूस आधी स्वतः डोकं चालवतो. इशारा कधीकधी नुसता 'काय करायचं' सांगतो, 'कसं' नाही. तिथं गाडी अडते.

दसरा_चौक_रात्री
गंडलेलं म्हणाल तर ब्रोकन स्वोर्ड हा गेम, 1996, त्यातली आयर्लंडमधली शेळी. धडक देऊन हिरो जॉर्जला पाडते. तो उठतोय तोवर लगेच शेतीच्या जुन्या अवजारावर क्लिक करायचं, शेळी परत धावून येते आणि त्यातच अडकते. कोडं वाईट नाही. पण तोवर गेमनं घाई करायला फारसं शिकवलेलं नसतं, पडल्यावर माणूस हात आखडून बसतो. नियम मधेच बदलला, ही खरी चूक.

जादा_कट
शेळीवरनं आठवलं, उद्या रविवार. मटणाला नंबर कोण लावणार?

खासबाग_कट्टा
😂 सहाला जा, नायतर हाडं.
गॅब्रिएल नाईट 3 (1999) हा गेम तर गंडण्यात त्या शेळीहून वरचढ. भोकाला चिकटपट्टी लावा, मांजर त्यातनं हुसकवा, पट्टीला लागलेले केस पाकानं ओठावर चिकटवून मिशी करा. सोंग ज्याचं घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवर पेनानं मिशी काढा. एवढं सगळं भाड्याच्या मोटारसायकलीसाठी.

नवखा_गडी
फुकटात चालू करायला काय हाय?

दसरा_चौक_रात्री
स्कमव्हीएम टाक, जुने गेम चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. त्यांच्याच साईटवर बिनीथ अ स्टील स्काय, 1994 चा, फुकट मिळतो. झिप उघडून फोल्डर ठेव, 'ॲड गेम' दाबून तो फोल्डर दाखव. त्या गेममध्ये हिरो मरू शकतो, म्हणून दर नव्या खोलीत सेव्ह करत जा. वेगळ्या नावानं.

पांढरा_रस्सा
जिंकलं पोरगं! आता म्हणतंय पुस्तकातले कोळी मारायचेत.