स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकाने स्वतः गाडी चालवावी का?

डोंगरवाट (चर्चाप्रस्ताव):
मे महिन्यात स्वित्झर्लंडला निघालेल्या नातलगांनी तेथे गाडी भाड्याने घेण्याचा बेत सांगितला आणि मी त्यांना स्पष्ट नको म्हटले. त्यावरून घरात वाद झाला, म्हणून तो येथे मांडतो. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणे दोन दिवसांत अंगवळणी पडते. अडचण आहे ती आपल्या 'चालतंय की' या सवयीची. तेथे गावात ताशी ५०, गावाबाहेर ८० आणि महामार्गावर १२० किलोमीटर ही मर्यादा आहे. वेगमापक यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी मिळणारी सवलत वजा करूनही गावातील मर्यादा ६ ते १० किलोमीटरने ओलांडली, तर १२० फ्रँक दंड होतो आणि ११ ते १५ ने ओलांडली, तर २५०. मी मागे तेथे गाडी चालवली, तेव्हा मला माझ्या दंडाचा पत्ता लागला तो पुण्यात परतल्यानंतर, आणि पोलिसांना माझे नाव-पत्ता कळवल्याबद्दल भाडे कंपनीने वेगळे शुल्क कापून घेतले ते निराळेच. शिवाय झेरमाट आणि वेंगेन या गावांत पर्यटकाची गाडी जातच नाही. झेरमाटसाठी ती अलीकडच्या टॅश गावी ठेवून शेवटी रेल्वेच धरावी लागते. मग दहा दिवसांच्या सहलीत हा उपद्व्याप कशाला?

सुकाणू:
नियम कडक आहेत म्हणून गाडी चालवू नये, हा युक्तिवाद मला उफराटा वाटतो, कारण समोरचा काय करील याचा अंदाज बांधता येणे हीच परक्या चालकाची सर्वांत मोठी सोय असते. वरंधा घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याला स्वित्झर्लंडमधील फुर्का या डोंगरखिंडीत नवे फारसे शिकावे लागत नाही. तेथेही अरुंद जागी उतरणाऱ्यानेच मागे सरायचे असते. फक्त निळ्या पाटीवर पिवळा भोंगा दिसला की पोस्टाच्या प्रवासी बसला आधी वाट द्यायची आणि तिचा चालक हाताने सांगेल तसे करायचे. ऱ्होन हिमनदीजवळच्या एका वळणावर तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकून मी गाडी डोंगराला खेटवली, तेव्हा ती पिवळी बस हातभर अंतरावरून सरकत गेली आणि चालकाने दोन बोटे वर करून आभारही मानले.

घोटाळा होतो तो पार्किंगमध्ये. निळ्या पट्ट्यांच्या जागेत काचेमागे पोहोचण्याची वेळ दाखवणारी चकती लावावी लागते आणि तिचा बाण पोहोचल्यानंतरच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर ठेवायचा असतो. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचलात तर बाण साडेदहावर ठेवा. तेथून एक तास, म्हणजे साडेअकरापर्यंत, गाडी उभी राहू शकते. मात्र साडेअकरा ते दीडच्या दरम्यान पोहोचणाऱ्याला थेट अडीचपर्यंत मुभा मिळते. जेवणाची एवढी काळजी वाहणारा वाहतूक नियम मी अन्यत्र पाहिलेला नाही.

डोंगरवाट:
आपण सांगितलेली फुर्का २,४२९ मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात बहुधा बर्फामुळे बंदच असते. मग गाडी ओबरवाल्ड ते रेआल्प अशी रेल्वेवर चढवून बोगद्यातून न्यावी लागते. म्हणजे पुन्हा रेल्वेच!

सुकाणू:
मान्य, खिंडींचे खूळ असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जावे. पण ज्यांना दऱ्याखोऱ्यांतील लहान गावी मुक्काम करायचा आहे, त्यांना सायंकाळनंतर विरळ होणारी बस पुरत नाही, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

दोन_लेकरांची_आई:
आपण दोघेही चालकाच्या आसनावरून बोलता आहात, म्हणून मागच्या आसनावरचे दोन शब्द. बारा वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तेथे योग्य बालआसन लागते. मांडीवर घेऊन बसणे चालत नाही, त्यामुळे आसनांची मागणी गाडी आरक्षित करतानाच नोंदवावी. महामार्गासाठी ४० फ्रँकचे विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचे शुल्क भरल्याची खूण, लागते. स्वित्झर्लंडमध्येच घेतलेल्या भाड्याच्या गाडीवर ते बहुधा असते, पण जर्मनीत घेतलेल्या गाडीवर असेलच असे नाही, तेव्हा सीमेपूर्वी विचारून घ्यावे. इटलीत उतरण्याचा विचार असेल, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघावे, कारण तेथे आपला परवाना एकटा पुरत नाही. आम्ही हे सारे करून गाडीनेच फिरलो, आणि पुढच्या वेळीही गाडीच घेऊ. वाटेत कोणाला मळमळले तर रेल्वे थांबत नाही.