ई४६ एम३ झाकून ठेवण्याबद्दल
किलोमीटर वाढले की भाव पडतो, म्हणून बीएमडब्ल्यू ई४६ एम३ (२०००च्या दशकातली स्पोर्ट्स कार) न चालवता झाकून ठेवा, असं सांगतात; हे काही पटलं नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात. गॅरेजमध्येच पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं तर त्याहून वाईट; ऑइलमधलं पाणी उडतच नाही. टॅकोमीटरवरचे (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याभोवतीचे) नारिंगी दिवे इंजिन तापेल तसे एकेक करून विझतात; तोवर दमानं चालवा, मग अर्धा-पाऊण तास पळवा. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-६० या ग्रेडचंच.

भाव खरा ठरतो तो गाडीखाली. मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथे फ्लोअरला तडे जातात; जाणकार गिऱ्हाईक आधी तिथेच टॉर्च मारतं. तिथे मजबुतीसाठी प्लेटा वेल्ड करून घेतल्या असतील तर फोटो आणि बिलं जपा. इंजिनातली रॉड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टवर जिथे फिरतो तिथली) बदलल्याचंही तसंच. आणि काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका हो!