चर्चा : लहान व्यवसायाने आधी काय पाहावे, नफा की गल्ला?

कच्ची वही :
माझा छपाईचा लहानसा कारखाना आहे. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात लेखापालांनी नफ्याबद्दल माझे अभिनंदन केले, त्याच आठवड्यात कामगारांच्या पगारासाठी मला दोन दिवसांची मुदत मागावी लागली. तेव्हापासून माझे मत असे बनले आहे, की मालकाने दर सोमवारी पुढच्या तेरा आठवड्यांच्या रोख आवक-जावकेचा तक्ता आधी पाहावा आणि नफा-तोटा पत्रक मागाहून.

हिशेब साधा आहे. समजा, दरमहा १०० ची विक्री होते, कागद, शाई आणि मजुरी यांवर ८० लगेच खर्च होतात आणि ग्राहकाचे पैसे तिसऱ्या महिन्यात येतात. पहिल्या तीन महिन्यांचा नफा ६० दिसतो, मात्र रोख शिल्लक उणे १४० असते, आणि दुसऱ्या महिन्याअखेर तर ती उणे १६० पर्यंत गेलेली असते. हा खड्डा भरून यायला दहावा महिना संपावा लागतो. चौथ्या महिन्यापासून विक्री दुप्पट झाली, तर पाचव्या महिन्याअखेर तोच खड्डा २६० चा होतो. म्हणजे मोठी ऑर्डर मिळाल्याचे पेढे वाटावेत आणि त्याच ऑर्डरीने दम कोंडावा, असा हा प्रकार आहे.

ताळेबंद :
आपली आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. गल्ला भरलेला दिसतो म्हणून गाफील राहिलेले व्यवसाय मी अधिक पाहिले आहेत. यंत्रांच्या देखभालीचे वार्षिक करार करणाऱ्या एखाद्याचे उदाहरण घ्या. शंभर ग्राहकांकडून प्रत्येकी १२ आगाऊ घेतले, म्हणजे पहिल्याच महिन्यात १२०० जमा झाले. सेवेचा खर्च दर ग्राहकामागे महिन्याला १.२ आहे. दहावा महिना संपेपर्यंत गल्ला कधीच उणे होत नाही, आणि पुढचे दोन महिने २४० पदरचे घालावे लागतात. त्या आधीच नवे ग्राहक जोडले गेले, तर त्यांच्या आगाऊ रकमेतून जुन्यांची सेवा चालते आणि दर मुळातच चुकला आहे हे कित्येक वर्षे लक्षातही येत नाही. आपला तेरा आठवड्यांचा तक्ता इथे सगळे आलबेल असल्याचेच सांगेल.

कच्ची वही :
मुद्दा मार्मिक आहे आणि मी तो नाकारत नाही. तरीही क्रमाचा प्रश्न उरतोच. दर चुकलेला व्यवसाय सावकाश खंगतो, त्याला दुरुस्तीला अवधी मिळतो, पण देण्याच्या तारखेला पैसे नसलेल्याला तो मिळत नाही. शिवाय नफ्याच्या पत्रकात कर्जाचे व्याज दिसते, हप्त्यातले मुद्दल दिसत नाही; घसारा, म्हणजे यंत्रे झिजल्याने घटलेली त्यांची किंमत, खर्च म्हणून दिसतो, पण त्यापोटी कोणाच्या हातात काही पडत नाही. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीवरचे इटालियन गणिती लुका पाचोली यांचे विवेचन १४९४ मध्ये छापले गेले, आणि अमेरिकेच्या लेखामानकांत रोख प्रवाहाचे पत्रक सक्तीचे व्हायला १९८७ उजाडले. एवढा उशीर झाला, म्हणून ते दुय्यम ठरत नाही.

तिसरा खिसा :
दोघेही पत्रकांवर भांडत आहात, म्हणून वसुलीबद्दल थोडे लिहितो. येणी लवकर यावीत म्हणून "दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट, एरवी तीस दिवसांत पूर्ण रक्कम" अशी अट सर्रास घातली जाते. ९८ रुपये वीस दिवस आधी मिळावेत म्हणून आपण दोन रुपये सोडतो. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे ३७ टक्के पडतो. इतक्या महाग दराने कोणी कर्ज देऊ केले, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. त्यापेक्षा काम सुरू करताना तिसरा हिस्सा घ्यावा आणि माल दिला त्याच दिवशी बिल पाठवावे. बिल महिनाअखेरपर्यंत टेबलावर पडून राहते आणि उशिराचे खापर मात्र ग्राहकावर फुटते, हे मी स्वतः केलेले आहे.

ताळेबंद :
सुटीचा हिशेब पटला, पण त्यातूनही माझेच म्हणणे सिद्ध होते. ज्या कामावर चार टक्केच सुटतात, तिथे दोन टक्के सोडणे म्हणजे अर्धा नफा देऊन टाकणे होय, आणि ही गोष्ट गल्ला सांगत नाही. कामागणिक काढलेला नफा सांगतो. आगाऊ हिस्सा मागण्याची सूचना चांगली आहे, मात्र ज्याच्याकडे एकच मोठा ग्राहक आहे त्याला तो मागण्याची सोय नसते. अशा वेळी त्या ग्राहकाची उधारी धरून भाव लावायला हवा, म्हणजे पुन्हा आपण नफ्याच्याच प्रश्नाकडे येतो.

कच्ची वही :
भाव लावतानाच उधारीचे व्याज त्यात धरायचे, हे मी आजवर केलेले नाही, याची कबुली देतो. सोमवारचा तक्ता मी सोडणार नाही. त्यात आता एक रकाना वाढवतो आहे, आगाऊ मिळालेल्या पण अजून काम न केलेल्या रकमेचा, आणि ती रक्कम शिल्लकेतून वजा करूनच गल्ला मोजणार आहे. काल रात्री मागच्या महिन्यापुरता तसा प्रयोग करून पाहिला, तर मी ज्याला शिल्लक समजत होतो त्यातला निम्म्याहून अधिक पैसा ग्राहकांचाच निघाला.