आमचा झेंडा अजून याचाय

धागा सुरू करते. माझी आजी नळदुर्गकडची, लग्न होऊन सोलापुरात आलेली. १५ ऑगस्टला आम्ही लिमलेटच्या गोळ्या चघळत शाळेतून आलो की म्हणायची, "तुमचा झेंडा झाला व्हय? आमचा अजून याचाय." तिचा झेंडा १७ सप्टेंबरचा. सोलापूर इंग्रजांचं, पलीकडचा मुलूख निजामाचा. इथं १९४७ साली स्वातंत्र्य आलं, चाळीसेक किलोमीटरवरच्या तिच्या माहेरी तेरा महिने उशिरा, १९४८ ला. माहेरी जाताना करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागे. इथला रुपया कलदार, तिकडचा हाली. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब तिला शेवटपर्यंत पाठ होता, बीपीची गोळी घेतली की नाही ते मात्र आठवत नसे. एक हाली रुपया तिच्या बटव्यात कायम. त्यावरचा चारमिनार इतका झिजलेला, की मधली कमान नखानेच कळायची.

ऑगस्ट-सप्टेंबरातला कुठलाही दिवस चालेल. घरातलं लिहा, भाषण नको.

हैदराबाद रोड: आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे. निजामावर चालून गेलेल्या जनरल चौधरींच्या भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली. १३ सप्टेंबरला, पहिल्याच दिवशी, नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला. पुस्तकात 'ऑपरेशन पोलो', आजोबांच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन'. त्यांना आठवायचा तो फळीवरच्या पितळी भांड्यांचा आवाज. रात्रभर गाड्या जात होत्या, भांडी थरथरत होती. धाकटा उठू नये म्हणून त्यांच्या आईने तांब्या-वाट्यांच्या मधे फडकी कोंबली.

माहेर तुळजापूर, सासर दमाणी नगर: लग्नानंतरच्या पहिल्या १७ सप्टेंबरला सकाळी सहालाच आवरून, इस्त्रीची साडी नेसून बसले. सासूबाई म्हणाल्या, "आज काय हाय गं?" आमच्याकडे त्या दिवशी शाळाशाळांत झेंडावंदन, इथं नळाला पाणी यायचा वार. त्याच साडीत पिंपं भरली.

पूर्व भाग: ७ ऑगस्टला हातमाग दिनाचे मेसेज येतात. १९०५ साली त्या तारखेला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशी चळवळ पुकारली, म्हणून २०१५ पासून हा दिवस. आमच्या घरी मात्र आजोबांच्या मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी बसलीय. वडील आयुष्यभर यंत्रमागावर, मी मोबाईलच्या दुकानात. आम्हा पद्मशाली लोकांचा या दिवसांतला खरा सण नारळी पौर्णिमा. नवं जानवं घालायचं आणि मार्कंडेयाच्या रथामागे चालायचं. वडील गर्दीतही पाठ ताठ करून चालतात. मागावर वाकून वाकून गेलेली पाठ, ती त्याच दिवशी कशी सरळ होते कोण जाणे.

शुक्रवार पेठ: धागा भरकटवतो, माफी असावी. ९ ऑगस्टचा क्रांतिदिन आमच्या वडिलांना फारसा भावायचा नाही. "बेचाळीस कसलं, आमचं तीसलाच झालं," म्हणायचे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता. मग १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. वडील चार पुतळ्यांवरून जाताना सायकलवरून उतरायचे, घंटी न वाजवता पुढे जायचे आणि मगच पुन्हा बसायचे. मीही स्कूटर हळू करतो. उतरत नाही, खोटं कशाला बोलू.

नई जिंदगी: सगळं वाचलं. लिहावं की नाही, दोन दिवस ठरेना. माझी दादीही नळदुर्गच्या पलीकडची, म्हणजे ताईंच्या आजींच्याच वाटेवरची. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांनी गावागावात जे केलं ते खरंच, दादीही त्यांना शिव्याच द्यायची. पण पोलीस ॲक्शननंतर तिच्या घरातली तीन माणसं गेली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तेव्हाच्या हिंसाचारातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. दादी लहानग्या अब्बांना काखेत घेऊन सोलापुरात आली आणि विड्या वळून घर चालवलं. १७ सप्टेंबरला आमच्याकडे कोणी काही बोलत नाही. १५ ऑगस्टला मात्र दारावर झेंडा लावायचा तिचाच आग्रह. काठी नसली तर उलथण्याला बांध म्हणायची.

धागाकर्ती: बरं केलंत लिहिलंत. दादींचं गाव कोणतं हो? माझ्या मामांना विचारून बघते.

नई जिंदगी: माहीत नाही ताई. विचारलं की "पुलाच्या पलीकडं" एवढंच म्हणायची.