मदत हवी आहे: आर्गिन्युसी खटल्यात सॉक्रेटिसचा अधिकार नेमका किती होता?

नववी-दहावीच्या मुलांसमोर अथेन्सच्या लोकशाहीवर बोलायचं आहे आणि इ.स.पू. 406 च्या या खटल्यावर गाडी अडली आहे. अथेन्सच्या नौदलाने आर्गिन्युसीची लढाई जिंकली, पण वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून आठ सेनापती एकाच मतदानात दोषी ठरले. मतं टाकायला प्रत्येक जमातीसाठी दोन कलश ठेवले होते. हाती लागलेल्या सहांना देहदंड झाला, त्यात अथेन्सचा प्रसिद्ध नेता पेरिक्लिस याचा मुलगाही. प्रत्येकाचा वेगळा निवाडा करा, ही सेनापतींची बाजू मांडणाऱ्या युरिप्टोलेमसची सूचना आधी मंजूर झाली होती; आक्षेप आला, फेरमतदान झालं आणि निकाल फिरला! वाचताना जीव तुटतो.

सॉक्रेटिस तेव्हा प्रितानींपैकी (नागरिकांच्या सभेचं कामकाज चालवणाऱ्या समितीच्या सदस्यांपैकी) एक होता आणि त्याने एकाच मतदानात सगळ्यांचा निवाडा करायला विरोध केला, हे त्याचे शिष्य झेनोफोन आणि प्लेटो दोघंही सांगतात. पण झेनोफोन एके ठिकाणी त्याला नुसता सदस्य म्हणतो, दुसरीकडे त्या दिवसाचा सभाध्यक्ष. दोन्ही उतारे इंग्रजीतून वाचलेत. ग्रीक येत नाही. सॉक्रेटिसच्या स्वतःच्या खटल्याबद्दल विचारत नाहीये.

अध्यक्षच अडून बसला तर मतदान थांबायला हवं ना? मग तो खरोखर अध्यक्ष असेल, तर ठराव मतदानाला टाकला कोणी आणि कुठल्या नियमाने?