सेहेचाळिसाव्या वर्षी धावायला सुरुवात केली आहे. नडगी दुखते, पुढे कसे जावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. वय ४६, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, आणि काम हिशेबाचे असल्यामुळे दिवसाचे आठ तास खुर्चीत जातात. दिवाळीनंतर केलेल्या रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.० आला. हा मधुमेह नव्हे, परंतु त्याचा उंबरठा आहे, औषध आत्ताच नको, वजन पाच-सहा किलोंनी उतरवा आणि व्यायाम वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले. माझ्या वडिलांना मधुमेह होता. शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या पायाच्या जखमा मीच धूत असे. त्यामुळे हा सल्ला मी अतिशय मनावर घेतला आहे.

सयाजीबागेत, म्हणजे आम्हा बडोदेकरांच्या कमाटीबागेत, मी चार वर्षे रोज सकाळी चालते. आता ते चालणे इतके अंगवळणी पडले आहे की चाळीस मिनिटांनंतरही श्वासात फरक पडत नाही. म्हणून संक्रांतीनंतर धावायचे ठरवले. माझा भाचा महाविद्यालयात आहे आणि चांगला धावतो. तो आनंदाने सोबत आला. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या फाटकापासून आम्ही निघालो आणि दोन मिनिटांत मला इतकी धाप लागली की कठड्याला धरून उभे राहावे लागले. "मावशी, थांबलीस की सवय होत नाही," असे तो मनापासून म्हणाला आणि मलाही ते पटले. तीन आठवडे, रविवारसुद्धा न सोडता, मी त्याच्यामागे रोज धावले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर, दुखू लागले. धावायला लागले की दुखते, मधे जरा कमी होते आणि संध्याकाळी जिना चढताना पुन्हा जाणवते. आठ दिवस पूर्ण थांबले तेव्हा दुखणे गेले. नवव्या दिवशी धावले आणि ते परत आले.

माझी खरी अडचण सांगते. माझे आजोबा आमच्याच भागातील जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या काळात जात असत आणि त्याचा आमच्या घराला फार अभिमान आहे. त्यातून घरातल्या मोठ्यांनी स्वतःपुरता एक अर्थ काढला होता: अंग दुखले नाही तर व्यायाम झालाच नाही. मी त्याच समजुतीत वाढले. त्यामुळे सवय नसल्याचे दुखणे कोणते आणि शरीर मोडत असल्याचे दुखणे कोणते, हे मला ओळखता येत नाही. सोसत राहिले तर इजा होईल अशी भीती वाटते आणि थांबले तर मी हार मानली असे वाटते. हा फरक कसा ओळखावा? माझ्या वयाच्या आणि वजनाच्या व्यक्तीने नेमके किती आणि किती हळू धावावे? आणि धावण्याने गुडघे झिजतात असे शेजारीपाजारी रोज ऐकवतात, त्यात तथ्य किती?

प्रतिसाद: कारेलीबाग, बडोदे

ताई, मी ५८ वर्षांचा असून अकरा वर्षांपासून धावतो. माझीही सुरुवात आपल्यासारखीच झाली आणि मला पोटरीच्या दुखापतीमुळे दोन महिने घरी बसावे लागले, म्हणून कळकळीने लिहितो.

आजोबांचा विषय आपण काढलात ते बरे केले. तालमीत नव्याने आलेल्या मुलाला कोणताही जाणता उस्ताद पहिल्या दिवशी शंभर जोर काढायला लावत नाही. आधी पाच, मग सात. मेहनतीनंतर अंग रगडणे, खुराक आणि झोप. ती परंपरा सोसण्याची जितकी आहे तितकीच हळूहळू वाढवण्याची आहे, आणि आपल्या घरात तिचा हा दुसरा अर्धा भाग मागे राहिला असावा.

आपली पहिली चूक वेगाची आहे. विशीतल्या मुलाचा सावकाश वेग हा आपल्यासाठी शर्यतीचा वेग असतो. धावताना सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर वेग बरोबर आहे. तीनचार शब्दांवर श्वास तुटला तर तो जास्त आहे. या कसोटीवर सुरुवातीला आपले धावणे आपल्या झपझप चालण्याइतकेच मंद निघेल. तसे निघू द्यावे.

दुसरी चूक अखंड धावण्याच्या आग्रहाची. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७४ पासून नवशिक्यांना मुद्दाम मधेमधे चालायला शिकवले. दम लागल्यावर चालायचे नाही, दम लागण्याआधीच चालायचे, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये मांडलेला आणि आज जगभर वापरला जाणारा नऊ आठवड्यांचा 'काउच टू फाइव्ह के' हा कार्यक्रमही याच तत्त्वावर बेतलेला आहे. त्याचा पहिला आठवडा असा: पाच मिनिटे भरभर चालणे, नंतर वीस मिनिटे आळीपाळीने ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे, आणि हे आठवड्यातून फक्त तीन दिवस. म्हणजे एका दिवसात प्रत्यक्ष धावणे जेमतेम आठ मिनिटांचे होते. तो नऊ आठवड्यांचा क्रम पूर्ण करायला मला सोळा आठवडे लागले, कारण जो आठवडा जड गेला तो मी पुन्हा केला. तसे करण्यात काहीही कमीपणा नाही.

भाच्याला दूर करू नका. त्याला पहिली पाच मिनिटे सोबत चालायला सांगा आणि मग त्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या.

प्रतिसाद: फिजिओथेरपिस्ट, पुणे

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी स्पष्ट करते. तरीही आपण केलेले वर्णन नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर ताण येऊन होणाऱ्या दुखण्याशी जुळते. इंग्रजीतले 'शिन स्प्लिंट्स' ते हेच.

हे दुखणे तिसऱ्या आठवड्यातच का आले, ते समजून घेतले तर आपल्या मुख्य प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. हा भार नवा असला की हाड स्वतःची पुनर्बांधणी करू लागते, आणि या कामात जुने हाड आधी काढले जाते, नवे त्यानंतर भरले जाते. काढणे काही आठवड्यांत होते, पण भरून घट्ट होण्याला महिने लागतात. मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत असते. हृदय आणि फुप्फुसे मात्र थोड्या आठवड्यांतच सुधारतात, त्यामुळे दम वाढल्याचे जाणवते आणि माणूस नेमका त्याच वेळी अधिक धावतो. रोज धावल्यामुळे आपल्या हाडांना भरून येण्यासाठी मोकळा दिवसच मिळालेला नाही.

आता ओळखायचे कसे, ते सांगते. बोटाने नडगीची आतली कड वरपासून खालपर्यंत दाबून पाहा. चारपाच बोटे किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा वर सांगितलेला ताणच आहे. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत तीव्र दुखत असेल, रात्री झोपेत किंवा नुसते बसल्यावर ठणकत असेल, साधे चालतानाही वाढत जात असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता धरून धावणे ताबडतोब बंद करावे आणि अस्थितज्ज्ञांना दाखवावे. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी दुखणे कायम राहिल्यास पुन्हा जावे.

रोजच्यासाठी एक मोजमाप ठेवा. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर तीनपर्यंतचे दुखणे, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होते, ते चालवून घेता येते. त्यापलीकडचे किंवा सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलांना जाणवणारे दुखणे म्हणजे भार कमी करण्याची सूचना आहे. मांडीचा, पोटरीचा किंवा नितंबाचा स्नायू दोन्ही बाजूंना सारखा आणि मोघम दुखणे, जे दोन दिवसांत ओसरते, ते सवय नसल्याचे. हाडावर, सांध्यात किंवा एकाच बाजूला टोचणारे दुखणे वेगळे समजावे.

पोटऱ्या बळकट केल्याशिवाय हे दुखणे पुन्हापुन्हा येते. जिन्याच्या पायरीवर कठड्याला धरून टाचा सावकाश उचलणे आणि तितक्याच सावकाश खाली आणणे, बारा वेळा, असे दोन फेरे. एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. एक दिवसाआड हे करावे. धावताना पावले लांब टाकू नयेत. छोटी आणि किंचित भरभर पावले टाकली की पाय शरीराच्या पुढे न पडता खाली पडतो आणि नडगीवरचा ताण घटतो.

तीन गोष्टी विचारते. बूट किती जुने आहेत? मासिक पाळी अनियमित झाली आहे का? हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासले आहे का? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि ज्या धापेला आपण स्वतःचा कमकुवतपणा समजतो तिचे कारण अनेकदा तेथे सापडते.

गुडघ्यांविषयी शेजाऱ्यांना असे सांगा: २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पडताळणीत हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचे प्रमाण ३.५ टक्के आढळले, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये ते १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होते. तो आपला मार्ग नाही.

प्रतिसाद: अकोटा, बडोदे

ताई, इतरांनी न लिहिलेल्या दोन गोष्टी लिहिते. छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच आवश्यक आहे. ती नसल्यामुळे कितीतरी बायका खांदे आखडून धावतात आणि पाठ दुखली की धावणेच सोडतात. आणि बागेत धावताना फरसबंदीऐवजी कडेची सपाट, घट्ट माती निवडा. मात्र उत्तरायणानंतर महिना-दीड महिना झाडांवर आणि रस्त्यांवर मांजा लोंबत असतो, तेव्हा उजेड पडण्याआधी धावू नका. लोक बघतील ही भीती आपण लिहिली नाहीत, पण मला होती. पंधरा दिवसांत रोजचे लोक ओळखीचे होतात आणि ती भीती जाते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभारी आहे. नडगी दाबून पाहिली. हातभर नसला तरी सहा बोटांचा पट्टा दुखतो, एकच जागा नाही, रात्री काही होत नाही आणि एका पायावर उडी मारता येते. बुटांचा प्रश्न वाचून मी हिशेब केला. ते दोन वर्षांपूर्वीचे आहेत आणि रोज तीन किलोमीटर धरले तर त्यांवर दोन हजारांहून अधिक किलोमीटर झाले. पाळी वर्षभरापासून मागेपुढे होते. हिमोग्लोबिन तपासले नव्हते, ते उद्याच देते. आणखी एक विचारायचे राहिले: साखरेसाठी उपाशीपोटी धावणे चांगले का?

प्रतिसाद: फिजिओथेरपिस्ट, पुणे

धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत, म्हणून नवे घ्यावेत. महागडे नकोत, पायात घालून चालल्यावर आरामशीर वाटणारे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असणारे घ्यावेत. पाळीच्या बदलाचे डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण या वयात हाडांचे संरक्षण करणारे संप्रेरक कमी होऊ लागते. आपण साखरेचे औषध घेत नाही, त्यामुळे अर्ध्या तासासाठी उपाशीपोटी गेल्याने सहसा त्रास होणार नाही. तरी चक्कर आल्यासारखे वाटत असेल तर अर्धे केळे खाऊन जावे. साखरेसाठी मला अधिक मोलाचे वाटते ते रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. धावण्याच्या नादात ते आणि आपले रोजचे चालणे सोडू नका. आधी दोन आठवडे केवळ चालणे आणि पोटऱ्यांचा व्यायाम, मग पहिला आठवडा सुरू.

धागाकर्ती, मे महिन्यात

दहा आठवडे झाले, म्हणून कळवते. हिमोग्लोबिन ९.८ निघाले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दीड महिन्यात जिन्यावरची धाप स्पष्ट कमी झाली. बूट नवे घेतले. दोन आठवडे नुसते चालले, नंतर मंगळवार, गुरुवार आणि रविवार धावू लागले. पहिला आठवडा दोनदा केला, तिसरा दोनदा केला. एकदा दुखणे चारवर गेले तेव्हा मी सोसले नाही. आठवडाभर मागच्या पायरीवर आले आणि ते दोनवर उतरले. तो आठवडा मला हार वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते.

सध्या सलग पाच मिनिटे धावून तीन मिनिटे चालते. उन्हाळा चढल्यापासून पावणेसहाला बागेत असते. उकाड्याची सवय होईपर्यंत बारा-पंधरा दिवस वेग आणखी कमी ठेवला आणि बोलण्याची कसोटी मोडू दिली नाही. भाचा पहिली पाच मिनिटे सोबत चालतो, नंतर पुढे जातो आणि परत येताना फाटकापाशी माझी वाट पाहतो. वजन ६८.५ किलो आहे. साखरेची तपासणी जूनमध्ये आहे. आकडा आला की याच धाग्यावर लिहीन.